जाळीवरचा रुमाल

जळगाव,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय दिपू,

आपल्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये, जेवणाच्या खोलीत, भिंतीत उंचावर एक पंखा होता. आतली गरम हवा बाहेर टाकणारा. आठवतो? सिस्टरांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले की तू बाकावर चढायचीस, रुमाल त्याच्या जाळीसमोर धरायचीस आणि सोडून द्यायचीस. रुमाल जाळीला चिकटून बसायचा. 'आमेन'च्या आत तो काढायचा, एवढाच खेळ. एकदा वीज गेली आणि रुमाल सरळ सिस्टरांच्या वरणात पडला. जामनेरची मी आणि पाचोऱ्याची तू, दोघींनी मिळून किती दिवस सगळ्यांची ताटं घासली!

आज हे आठवायचं कारण पंखाच आहे. माझ्या लाल गाडीचा. माझ्या हितेंद्रच्या लग्नात मांडवाबाहेर उभी होती ती. दोनच माणसांची, कापडी टपाची. कूलरच्या धंद्याला बरे दिवस आले तेव्हा मी ती हौसेने घेतली, तेव्हाही ती नवी नव्हतीच. प्रेमराज म्हणाले होते, "अगं, यात भाजीची पिशवी कुठे ठेवायची?" आणि मग शेवटपर्यंत पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन डाव्या सीटवर बसत राहिले. ते गेल्यापासून ती सीट रिकामीच असते.

तर झालंय असं, की रेडिएटरमागचा विजेचा पंखा फिरत नाही. गाडी पळत असली की वाऱ्याने निभतं, पण अजिंठा चौफुलीला थांबले की तापमानाचा काटा चढायला लागतो. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा स्विच असतो ना, पाणी तापलं की आपोआप पंखा लावणारा, तो गेला असावा. गॅरेजवाला रुपचंद म्हणतो, "मावशी, पंखा डायरेक्ट करी देस ना. चाबी लावी की पंखा चालू. बठ्ठी कटकट खतम." मी नाही म्हटलं. थंडीत, सकाळी, इंजिन अजून गारठलेलं असताना पंखा कशाला हवा? आणि उभा जन्म कूलरच्या मोटारी जोडण्यात गेला, एक स्विच मला बसवता येऊ नये?

फक्त गाडीतली वीज ही घरातल्या विजेपेक्षा वेगळी. तू इतकी वर्षं कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंस, मला एक आकृती काढून दे. कागदावर, मोठी. मोबाइलवर पाठवू नकोस, ते इवलंसं मला नको. शिवाय फोनवर आपण मेथी आणि गुडघे सोडून काही बोलत नाही.

घाई आहे. मार्च संपायच्या आत मला ही गाडी स्वतः चालवत तुझ्या देवपूरच्या दारात आणायची आहे. किती वर्षं नुसतं म्हणतेय. दर उन्हाळा कूलर दुरुस्तीत गेला. या वर्षी जमलं तर जमलं.

तुझी,
पुष्पा


देवपूर, धुळे,
११ फेब्रुवारी

प्रिय पुष्पे,

रुमाल माझा होता हे खरं, पण आपण पकडल्या गेलो तुझ्यामुळे. तू हसलीस.

आता कामाचं. स्विच गेलाय हे आधी सिद्ध कर, मग नवा आण. चावी लाव, स्विचवर आलेल्या दोन तारा काढ आणि एकमेकींना जोड. पंखा फिरला तर पंखा चांगला, स्विच वाईट. नाही फिरला तर फ्यूज बघ. हे न करता तू रेडिएटर उघडून बसशील, मला माहीत आहे.

नवा स्विच घेताना त्यावर लिहिलेलं तापमान जुन्याइतकंच असू दे, आणि आटेही तेच. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय जुना काढू नकोस. आणि पंख्याचा सगळा करंट त्या बिचाऱ्या स्विचमधून नेऊ नकोस. बहुतेक त्यानेच पहिला जळला असेल. मध्ये रिले टाक. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा, पंख्याचा भार रिलेने उचलायचा. तुझ्या दुकानात मालक कोण आणि काम कोण करायचं ते आठव, म्हणजे समजेल.

पंख्याच्या स्वतःच्या दोन तारा आहेत तशाच राहू देत. त्यांना हात लावायचं कारण नाही.

आकृती सोबत आहे. मोठी काढली आहे. तू म्हणालीस म्हणून ड्रॉइंगचा कागद आणला.

ये. खरंच ये. गल्लीतल्या बायकांना मी आधीच सांगून ठेवलंय की माझी मैत्रीण लाल गाडीतून येणार आहे. त्यांना ते खोटं वाटतंय.

दिपमाला


जळगाव,
२५ फेब्रुवारी

प्रिय दिपू,

स्विचच गेला होता. तू सांगितलंस तसं तारांना तारा जोडल्या आणि पंखा असा घोंगावला की शेजारचं मांजर पळालं. जुन्यासारखा नवा स्विच मिळेना. ज्या कारखान्यात ही गाडी झाली तो केव्हाच बंद पडला. शेवटी रेडिएटरवाल्याने दुसऱ्या एका गाडीचा दिला, आटे तेच, तापमान तेच. मात्र त्याच्या पिना चपट्या, म्हणून जुना प्लग कापून नवीन टोकं दाबून बसवली. तांब्याचा वायसर नवा घातला. रिले चाकावरच्या फेंडरच्या आत, पाणी उडणार नाही अशा जागी. सगळं माझ्या हाताने. रुपचंद नुसता उभा राहून चहा पीत होता.

पंख्याच्या तारांना हात लावू नकोस म्हणालीस, पण लावावा लागला. त्यांचा प्लॅस्टिकचा प्लग उष्णतेने वितळून एक झाला होता. तोही कापला आणि तारा जोडून वर टेप गुंडाळली.

आता गंमत ऐक. गाडी तापली की पंखा आपोआप लागतो. तरी काटा खाली येत नाही. गाडी उभी असली तर जेमतेम थांबतो, आणि बाजारातून हळूहळू निघाले की चढायला लागतो. पंखा बंद असताना बरी होती म्हणायची वेळ आली. रुपचंद म्हणतो रेडिएटर बदला. मला पटत नाही.

एक तक्रार आहे. तू आणि अशी आकृती? रिलेच्या चौकटीच्या रेघा मध्येच वाकड्यातिकड्या आल्यात. पुढच्या वेळी पट्टी घे गं. आपली वयं झाली म्हणून काय झालं!

तुझी,
पुष्पा


देवपूर,
४ मार्च

प्रिय पुष्पे,

रेडिएटर बदलू नकोस. रुपचंदला चहा देत राहा आणि गाडीपासून लांब ठेव.

पंखा लागतो, म्हणजे स्विच बरोबर, रिले बरोबर. तरी गाडी तापते, म्हणजे एक तर पाण्यात हवा अडकली आहे किंवा पंखा आपलं काम करत नाही. रेडिएटर पुन्हा भरताना झाकण उघडं ठेवून बुडबुडे जाऊ दिलेस का? दिले असशील तर दुसरी गोष्ट बघ.

पंखा रेडिएटरच्या मागे आहे. त्याने समोरून हवा ओढून घ्यायची असते. गाडी चालते तेव्हा वाराही समोरूनच येतो, दोघं एका दिशेने. आता इंजिन तापू दे, पंखा लागला की गाडीच्या तोंडाशी जा आणि समोरच्या जाळीवर रुमाल धरून सोड. चिकटला तर ठीक. हे मी तुला शाळेतच शिकवलं होतं, फुकट.

आकृतीचं मला वाईट वाटलं. वाकड्या रेघा मी आयुष्यात मारलेल्या नाहीत. पोरं मला 'पट्टीवाल्या मॅडम' म्हणायची, तुला माहीत आहे. पट्टी घेऊनच काढली होती.

दिपमाला


जळगाव,
१२ मार्च

दिपू!

रुमाल माझ्या तोंडावर उडाला!

पंखा उलटा फिरत होता. आतली गरम हवा समोर फेकत होता, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता. म्हणून तर गाडी चालली की जास्त तापायची. मी तिथेच बोनेटला टेकून इतकी हसले की रुपचंदला वाटलं मला ऊन लागलं. "मावशी, पानी देऊ का?"

चूक माझीच. अगं, कूलरच्या मोटारीला दोन तारा कशाही जोड, ती आपली एकाच बाजूला फिरते. चाळीस वर्षांची सवय. तशाच हाताने इथेही जोडल्या. गाडीत अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो हे डोक्यातच आलं नाही. आता तारा बदलल्या, टेप गुंडाळली, रुमाल पुन्हा धरला. चिकटला! भर उन्हात चौफुलीवर उभी राहिले, काटा अर्ध्यावर आला, पंखा लागला, काटा उतरला, पंखा थांबला. कूलरसुद्धा एवढा शहाणा नसतो.

तेव्हा नक्की. होळी होऊन जाऊ दे. एकतीस मार्चला रविवार आहे, सकाळी लवकर निघते. एरंडोल, पारोळा, आणि मग तू. टप उघडा ठेवूनच येणार. खापरावरचे मांडे करून ठेव, दुकानातले आणलेस तर परत जाईन.

पत्र मार्करने लिहिलंय, रागावू नकोस. घरात दुसरं पेन नव्हतं.

तुझी,
पुष्पा


देवपूर,
१७ मार्च

प्रिय पुष्पा,

मांडे करणार आहे. पण तू गाडी चालवत येऊ नकोस.

कशी सुरुवात करावी हे कळत नव्हतं म्हणून सरळ लिहिलं. कूलरची सवय म्हणालीस ते एका बाजूने खरं आहे. पण तुझ्या दुकानात मी किती दुपारी बसले आहे. तू कूलरच्या मोटारीतसुद्धा काळी काळीला आणि लाल लालला जोडायचीस. गरज नसताना. प्रेमराजभाऊ चिडवायचे, "बाईसाहेब तारांचीही लग्नं पत्रिका बघून लावतात." तू रंग विसरणार नाहीस. तुला ते नीट दिसले नाहीत.

आणि माझ्या रेघा. त्या पट्टीने मारलेल्या होत्या, पुष्पा.

माझ्या सासूबाई, भिकुबाई, तुला आठवतात. शेवटी शेवटी त्यांना दाराची चौकट वाकलेली दिसायची. सुतार बोलावला. त्याने ओळंबा लावून दाखवला, तर त्याच्यावरच खेकसल्या, "तुना ओळंबाच वाकडा शे!" आम्ही हसलो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. बराच उशीर झाला होता.

सोबत चौकटींचा कागद आहे. मधोमध टिंब काढलंय. एक डोळा झाक, टिंबाकडे बघ, मग दुसरा. चौकटी सगळ्या सरळ आहेत, हा माझा शब्द. तुला कशा दिसतात ते लिही. खरं लिही.

तुझी,
दिपू


जळगाव,
२२ मार्च

दिपमाला,

पत्र मिळालं. माझे डोळे ठीक आहेत. आकृतीबद्दल आणि सल्ल्याबद्दल आभारी आहे.

पुष्पा


जळगाव,
३ एप्रिल

प्रिय दिपू,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. त्यात उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

मी एकतीस तारखेला निघाले होते. तुला न कळवता. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, टप उघडा, गाडी अशी चालत होती की प्रेमराज हवे होते असं वाटलं. बांभोरीचा पूल आला. रस्त्याच्या मधली पांढरी रेघ माझ्यासमोर वाकली, जशी पाण्यात काठी वाकते. ती वाकते हे मला माहीत होतं, मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतेच. पण समोरून एक मोटारसायकलवाला येत होता, तो मध्येच नाहीसा झाला. दिपू, नाहीसा. आणि मग एकदम माझ्या अगदी बाजूने निघाला. तो बिचारा सरळच येत होता. मागे बायको, तिच्या मांडीवर मूल.

पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली. रुपचंदला फोन केला, तो येऊन मला आणि गाडीला घरी घेऊन गेला. त्या दिवशी चहासुद्धा मागितला नाही.

डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं. डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला आहे, उजव्याला सुरुवात आहे. इंजेक्शनं देणार आहेत, आहे तेवढं टिकावं म्हणून. गाडी चालवू नका म्हणाले. मी हितेंद्रला सांगितलं नाही. तो पुण्याहून आधीच 'आई, ती गाडी विकून टाक' म्हणत असतो. मला वाटलं, एकदा तुझ्याकडे येऊन जावं आणि मग आपणच चावी ठेवून द्यावी. कुणी हिसकावून घेण्यापेक्षा ते बरं. तारांचा रंग मला दिसला नव्हता. एक काळी आणि एक गडद निळी होती, असं रुपचंदने नंतर सांगितलं. मला दोन्ही काळ्याच वाटल्या.

तुझा कागद फ्रिजवर लावलाय. उजव्या डोळ्याने चौकटी थोड्या हलतात. डाव्याने मधल्या चौकटीच नाहीत, टिंबही नाही.

तू दारात उभी होतीस का गं त्या दिवशी?

पुष्पा


देवपूर,
८ एप्रिल

माझी पुष्पे,

उभी होते. तू न येण्याचं कळवलं नव्हतंस, म्हणून उभी होते. येऊ नकोस असं मीच लिहिलं होतं, तरीही उभी होते. समोरच्या बाईने विचारलं, "काय मॅडम, लाल गाडी?" मी म्हटलं, "पंख्याचं काम निघालं." पिठाची परात झाकून ठेवली होती, मांडे केलेच नाहीत.

इंजेक्शनं वेळेवर घे. हितेंद्रला आजच सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर आकृतीसकट सांगेन.

आणि गाडी येईल. तूही येशील. गाडीत जागा दोन आहेत, एवढं गणित मलाही येतं. मी एसटीने जळगावला येते, चालवीन मी, शेजारी तू. माझं लायसन्स चालू आहे. कॉलेजात रोज चालवतच जात होते. ती पांढरी गाडी होती आणि तिला छप्पर होतं, हे मान्य.

माझी एकच अट. वाटेत मला शिकवायचं नाही. गिअर कधी बदलायचा ते मला कळतं.

दिपू


जळगाव,
२८ एप्रिल

प्रिय दिपू,

काल एसटीने सुखरूप पोचले. हितेंद्र आणि सून किरण पुण्याहून आलेत, तेच घ्यायला आले होते. ती माझा हात धरून पायऱ्या चढवायला लागली, तेव्हा म्हटलं, "अगं, पायऱ्या दिसतात. मोटारसायकली दिसत नाहीत." ती हसली, हितेंद्र नाही. होईल त्याची सवय.

चार दिवस मांडे खाऊन खाऊन जीव तृप्त झाला. तुझ्या गल्लीतल्या बायका आता तुला काय म्हणतात ते पुढच्या पत्रात लिही.

तू अट घातली होतीस म्हणून वाटेत बोलले नाही, आता लिहिते. तू तिसऱ्या गिअरवर फार रेंगाळतेस. दुसरं, पारोळ्याला लग्नाची वरात आडवी आली, उन्हात आपण अडकलो, तेव्हा तू त्या काट्याकडे असं बघत होतीस जसं निकालाच्या दिवशी पोरं बघतात. मला काटा दिसत नव्हता. पण रिलेचा 'टक' मला तुझ्याआधी ऐकू आला. तुझा श्वास सुटला तो नंतर. मी तारा बरोबर जोडल्या होत्या, दिपू. त्या एका क्षणापुरतं मला काहीच कमी नव्हतं.

आणि तो वरातीतला नाचणारा, "आजी, नवरदेवले बसाडा ना गाडीम्हा!" त्याला तू दिलेलं उत्तर मी इथे सगळ्यांना सांगितलं. "दोनच जागा शेतस, आन दोन्ही भरेल शेतस." जन्मभर इतकं शुद्ध बोलून शेवटी पाचोरा बाहेर आलाच.

आता हे नीट वाच आणि तसंच कर. मार्कर नवा आहे, अक्षर कळेल.

गाडी तुझ्याकडेच राहील. कागदांवर मी सही केली आहे, हितेंद्र पुढच्या आठवड्यात घेऊन येईल. त्याच्याशी वाद घालू नकोस, मी घालून झालेला आहे. दुसरी चावी तुझ्या लोखंडी कपाटात ठेव. टपाचं कापड डाव्या कोपऱ्यात उसवलंय, ते शिंप्याकडे नको, चामड्याचं काम करणाऱ्याकडे दे.

पान्यांचा संच रुपचंदला दिला. तो नको नको म्हणत घरी घेऊन गेला. तपासणीचा दिवा आणि पक्कड किरणला. कूलरची मोटार कशी तपासतात हे तिने आपण होऊन विचारलं, हितेंद्रने इतक्या वर्षांत विचारलं नाही. हितेंद्रला जुना जळका स्विच दिलाय. 'विकून टाक' म्हणावंसं वाटलं की तो विक म्हटलं.

तुझी आकृती या पत्रात परत पाठवतेय. रेघा सरळ आहेत.

माझा रुमाल गाडीच्या कप्प्यात आहे, मुद्दाम ठेवलाय. कुणीही त्या पंख्याच्या तारांना हात लावला, मग तो मेकॅनिक कितीही मोठा असो, की आधी जाळीवर रुमाल धरून बघ.

डावी सीट मी कुणालाही दिलेली नाही. तिच्यावर पिशवी ठेवू नकोस.

तुझी,
पुष्पा